जो अर्ज गेला नाही, त्याची नोंद

जुलै संपत आला की मुखेड, कंधार, देगलूर, औसा, निलंगा, अहमदपूर अशा तालुक्याच्या गावी ऑनलाइन सेंटरांवर गर्दी होते. सातबारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स घेऊन माणसे सकाळपासून बसलेली असतात. खरीप २०२३ मध्ये राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला, दीड कोटींहून अधिक अर्ज आले आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली. त्या दिवसांत गावोगाव एकच वाक्य कानावर पडत होते: सर्व्हर डाऊन आहे. निकालाच्या दिवशीही तेच. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल जाहीर झाला आणि संकेतस्थळे कित्येक तास धड उघडली नाहीत. लातूर विभागीय मंडळात लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे येतात. तिथल्या पोरांनी त्या दिवशी किती वेळा पान रिफ्रेश केले असेल, याची कल्पना कुणालाही करता येईल.

अशा दिवशी ज्याचा अर्ज स्वीकारला गेला त्याची नोंद डेटाबेसमध्ये राहते. त्याला पावती मिळते, क्रमांक मिळतो, पुढे भांडण झालेच तर दाखवायला कागद असतो. ज्याचा अर्ज अर्ध्यात अडकला त्याच्या नावाची डेटाबेसमध्ये एकही ओळ नसते. तो आला होता, किती वाजता आला होता, कोणत्या पायरीवर थांबला, चूक त्याच्या कागदात होती की आपल्या यंत्रणेत, हे सांगणारी एकच जागा उरते, ती म्हणजे ॲप्लिकेशनचा लॉग. आणि नेमका हाच लॉग गर्दीच्या वेळी फाटतो. एका वेळी एकच प्रोसेस चालू असते तोवर तो व्यवस्थित असतो. लोड वाढतो, चार-आठ प्रोसेस एकाच फाइलवर तुटून पडतात, तेव्हा ओळी एकमेकींत मिसळतात, फाइल गायब होते, डिस्क भरते. म्हणून या प्रश्नाकडे मी निव्वळ तांत्रिक प्रश्न म्हणून पाहत नाही.

मोठ्या सरकारी पोर्टलांच्या पोटात काय आहे, हा या लेखाचा विषय नाही. नांदेड-लातूरला बसून पतसंस्था, दवाखाने, महाविद्यालये, आडत दुकाने यांच्यासाठी वेब ॲप बनवणारी जी तरुण मंडळी आहेत, त्यांच्या हाताशी कोणते मार्ग आहेत आणि त्यातला कोणता धरावा, एवढेच इथे पाहायचे आहे.

एक फाइल, अनेक हात

वेब ॲप म्हणजे एकच चालू प्रोग्राम, अशी नव्या प्रोग्रामरची समजूत असते. लॅपटॉपवर तसे असतेही. सर्व्हरवर मात्र त्याच प्रोग्रामच्या अनेक प्रती चालतात. पायथॉनसाठी वापरला जाणारा गुनिकॉर्न एक मुख्य प्रोसेस सुरू करतो आणि तिच्यापासून वर्कर फोडतो. सीपीयूचे कोअर जितके, त्याच्या दुप्पट अधिक एक, असा वर्करचा आकडा त्याच्या माहितीपुस्तिकेत सुचवला आहे. म्हणजे चार कोअरच्या साध्या मशीनवर नऊ वर्कर. पीएचपीत हेच काम पीएचपी-एफपीएम करतो, नोडमध्ये क्लस्टर किंवा पीएम-टू. प्रत्येक वर्करची स्मृती वेगळी, उघडलेल्या फाइलचे भान वेगळे. एकाने काय लिहिले हे दुसऱ्याला ठाऊक नसते.

तहसील कचेरीतली आवक-जावक नोंदवही डोळ्यांसमोर आणा. एक कारकून एका वहीत लिहितो तोवर अनुक्रमांक चुकत नाही. त्याच वहीत नऊ जण एकाच वेळी, एकमेकांकडे न बघता लिहू लागले आणि त्यातल्या एकाने वही भरली म्हणून ती कपाटात ठेवून नवी काढली, तर जे होईल तेच लॉग फाइलचे होते.

ऑपरेटिंग सिस्टीमने यावर थोडा बंदोबस्त केलेला आहे. फाइल ‘अपेंड’ पद्धतीने उघडली असेल तर पॉझिक्सच्या नियमानुसार प्रत्येक लेखनाआधी जागा फाइलच्या शेवटी सरकवली जाते आणि या दोन क्रियांच्या मध्ये दुसरे कुणी घुसत नाही. लिनक्सवर, मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर, एका ओळीसाठी एकच ‘राइट’ झाला तर ती ओळ सहसा अखंड उतरते. अपाचे आणि एनजिनएक्स यांचे ॲक्सेस लॉग अनेक वर्कर असूनही नीट राहतात ते यामुळेच. पण या बंदोबस्ताला मर्यादा आहेत, आणि त्या गर्दीच्या वेळीच आडव्या येतात. फाइल एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कमधल्या दुसऱ्या मशीनवर असेल तर हमी संपली. लिनक्सच्या मॅन्युअलमध्येच तसा इशारा आहे. ओळ लांब असेल, तिच्यासोबत चाळीस ओळींचा ट्रेसबॅक असेल, तर ती दोन-तीन तुकड्यांत जाऊ शकते आणि मधल्या फटीत दुसऱ्या वर्करची ओळ शिरते. पाइपमधून लिहीत असाल तर लिनक्सवर ४,०९६ बाइटपर्यंतचेच लेखन अखंड राहते. पॉझिक्सची किमान हमी तर केवळ ५१२ बाइटची आहे.

इथे मराठीत काम करणाऱ्याने एक हिशोब ध्यानात ठेवावा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘नांदेड’ या शब्दात काना, अनुस्वार, मात्रा धरून सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट; ‘लातूर’ पंधरा बाइट. अर्जदाराचे नाव, गाव, गट क्रमांक, त्रुटीचा मराठी संदेश असे सगळे ओळीत घातले की इंग्रजी उदाहरणांवर बेतलेल्या मर्यादा आपल्याकडे फार लवकर संपतात. पायथॉनचे जेसन लिहिणारे साधन तर मुळात देवनागरी जशीच्या तशी लिहीतच नाही. प्रत्येक चिन्हाचा सहा अक्षरी संकेत करते, आणि ‘नांदेड’ छत्तीस बाइटचे होते. ती सवय बंद करता येते, करावी. आणि ओळ तुटताना एखाद्या अक्षराच्या तीन बाइटच्या मधोमध तुटली, तर दोन्ही तुकड्यांत चौकोन आणि प्रश्नचिन्हे उरतात. ज्या शेतकऱ्याचे नाव शोधायचे आहे, तेच वाचता येत नाही.

याहून घातक गोष्ट बफरची. समोर टर्मिनल असेल तेव्हा प्रोग्राम ओळ संपताच ती बाहेर टाकतो. पाइप किंवा फाइलकडे वळवला की तोच प्रोग्राम काही हजार बाइट स्वतःच्या स्मृतीत साठवून मग एकदम ओततो. अनेक वर्करची अशी ओतणी आली की ओळींचे तुकडे कुठेही पडतात. त्यातच मेमरी संपून ऑपरेटिंग सिस्टीमच्या ओओएम किलरने वर्कर मारला, तर साठवलेला सगळा भाग त्याच्याबरोबर जातो. वर्कर का मेला हे सांगणारी शेवटची ओळ बहुधा त्यातच असते. पायथॉनमध्ये बफर बंद करण्याची सोय एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने होते. कंटेनरमध्ये ॲप चालू आहे पण लॉग दिसत नाही, या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. लाईट गेली तर आणखी एक थर उघडा पडतो: ऑपरेटिंग सिस्टीमने लिहिले म्हणून सांगितलेले सगळेच डिस्कवर उतरलेले नसते. महाविद्यालयाच्या खोलीत ठेवलेल्या सर्व्हरची यूपीएस बॅटरी किती जुनी आहे, हाही लॉगचाच प्रश्न आहे.

मध्यरात्री हरवणारी फाइल

मिसळलेल्या ओळी निदान दिसतात. रोटेशनमध्ये अख्खा दिवस हरवतो आणि कुणाला कळत नाही.

लॉग फाइल वाढत राहते म्हणून ती ठरावीक आकाराला किंवा मध्यरात्री बदलायची. पायथॉनच्या लॉगिंग मॉड्यूलमध्ये यासाठी तयार हँडलर आहेत आणि शिकवणीत ते आवर्जून दाखवले जातात. हे मॉड्यूल विनय साजिप यांनी लिहिले, २००३ च्या पायथॉन २.३ मध्ये ते भाषेत आले, आणि अनेक प्रोसेसनी एकाच फाइलमध्ये लिहिण्याला आधार नाही, असे त्याच्या माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहून ठेवले आहे. अनेक थ्रेड चालतील, अनेक प्रोसेस नाही. तरीही लोक तसेच वापरतात. आकारानुसार फिरवणाऱ्या हँडलरचे असे होते: पहिला वर्कर फाइलचे नाव बदलतो आणि नवी उघडतो. बाकीचे आठ मात्र जुनीच फाइल हातात धरून बसलेले असतात, त्यांच्या ओळी नाव बदललेल्या फाइलमध्ये जात राहतात. मग त्यातला एक जण उठून पुन्हा नाव बदलतो. थोड्या वेळात क्रमांकांच्या फाइली एकमेकींवर चढतात.

वेळेनुसार फिरवणारा हँडलर त्याहून वाईट वागत असे. मध्यरात्री पहिला वर्कर कालच्या फाइलला तारखेचे नाव देतो. क्षणभराने दुसरा वर्कर तेच करायला जातो, त्या नावाची फाइल आधीच आहे असे त्याला दिसते, आणि अनेक वर्षे त्या कोडचे वागणे असे होते की आधीची फाइल पुसायची आणि आत्ताची, दोन-चार ओळींची, तिच्या जागी ठेवायची. म्हणजे ३१ जुलैचा पूर्ण दिवस, ज्या दिवशी सगळ्यात जास्त लोक अडले, तो रात्री बारा वाजून काही सेकंदांनी नाहीसा. अलीकडच्या आवृत्त्यांत ही पुसण्याची चाल काढली आहे, पण जुने पायथॉन चालू असलेले सर्व्हर काही कमी नाहीत.

पीएचपीवाल्यांची मध्यरात्र वेगळी. लॅराव्हेलमध्ये रोज नवी फाइल बनवण्याची सोय आहे. रात्री बाराला क्रॉनने चालणारे एखादे काम रूट वापरकर्त्याच्या नावाने सुरू झाले आणि दिवसाची पहिली ओळ त्याने लिहिली, तर नव्या फाइलची मालकी रूटकडे जाते. वेब सर्व्हरच्या वर्करला तिच्यात लिहायची परवानगी उरत नाही. सकाळी ॲप पाचशेचा एरर देऊ लागते आणि एरर काय आहे हे लिहायला जागा नसते. उपाय सोपा आहे: क्रॉनचे काम त्याच वापरकर्त्याच्या नावाने चालवा. पीएचपी-एफपीएमची आणखी एक खोड म्हणजे वर्करने बाहेर टाकलेला मजकूर पकडायची सूचना दिली नाही, तर तो थेट टाकून दिला जातो. ७.३ च्या आधी असा पकडलेला मजकूरही १,०२४ बाइटला कापला जात असे.

विंडोजवर शिकणाऱ्या मुलांना तिसराच अनुभव येतो. उघडी फाइल दुसऱ्या प्रोसेसने धरलेली असली की तिचे नाव बदलताच येत नाही. रोटेशन एरर देऊन थांबते. जँगोचा विकासासाठीचा सर्व्हर कोड बदलला की आपोआप सुरू व्हावा म्हणून मुळात दोन प्रोसेस चालवतो, त्यामुळे घरच्या लॅपटॉपवरही हे घडते.

यातून निघणारा निष्कर्ष मी ठामपणे मांडतो: ॲपने स्वतः रोटेशन करू नये. लिनक्सवर ते काम लॉगरोटेटचे. तो फाइलचे नाव बदलतो आणि संबंधित प्रोसेसला सिग्नल देऊन फाइल पुन्हा उघडायला सांगतो. एनजिनएक्स आणि गुनिकॉर्न दोघांनाही ‘यूएसआर-वन’ हा सिग्नल समजतो. पायथॉनचा ‘वॉच्ड’ फाइल हँडलर फाइल बदलली हे स्वतःच ओळखतो. लॉगरोटेटमध्ये ‘कॉपीट्रंकेट’ नावाची पळवाटही आहे: फाइलची प्रत काढायची आणि मूळ फाइल रिकामी करायची. प्रत संपणे आणि रिकामी करणे यांच्यातल्या क्षणात आलेल्या ओळी जातात. निवांत दिवशी एखाददुसरी, निकालाच्या दुपारी शेकडो. सोयीची म्हणून ती सर्रास वापरली जाते. मी ती वापरू नये असेच म्हणेन.

डिस्क भरली म्हणून कुणी चालू लॉग फाइल हाताने डिलीट करते, आणि जागा मोकळी होत नाही. वर्करने ती धरून ठेवलेली असते. नाव गेले, मजकूर तसाच. डिस्कची जागा सांगणाऱ्या आज्ञांपैकी डीएफ एक आकडा सांगते, डीयू दुसरा. प्रोसेसला फाइल पुन्हा उघडायला लावली की जागा सुटते. तोवर त्याच डिस्कवरचा डेटाबेसही थांबलेला असतो, म्हणून लॉग आणि डेटाबेस यांना वेगळे पार्टिशन द्यावे.

लिहिणारा एकच असावा

मग मार्ग कोणते? प्रत्येक वर्करला वेगळी फाइल देणे हा पहिला. पीएम-टू मुळात असेच करतो. मिसळ होत नाही, पण वर्कर मरून नवा आला की प्रोसेस क्रमांक बदलतो, फाइलींचा पसारा वाढतो आणि एका माणसाचा प्रवास पाहायला नऊ फाइली वेळेनुसार एकत्र कराव्या लागतात. दोन-तीन वर्कर असतील तर चालून जाते. दुसरा मार्ग कुलपाचा: लिहिण्याआधी फाइलला लॉक लावायचे. जावामधल्या लॉगबॅकचा ‘प्रूडंट’ प्रकार हेच करतो. ओळी शाबूत राहतात, पण गर्दीत सगळे वर्कर एका कुलपापाशी रांग लावतात, आणि लॉग लिहिण्यासाठी अर्जदाराला थांबवले जाते. हा उलटा न्याय झाला.

तिसरा मार्ग म्हणजे फाइलला एकच मालक ठेवणे. वर्करनी फक्त निरोप द्यायचा, लिहिणारा वेगळा. ही कल्पना जुनीच आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कले इथे एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल-प्रोग्रामसाठी सिसलॉग बनवला. मग बाकीचे प्रोग्रामही त्याच्याकडेच निरोप देऊ लागले. वीस वर्षे तो असाच चालला, २००१ मध्ये आरएफसी ३१६४ ने त्याची रीत लिहून काढली, २००९ मध्ये आरएफसी ५४२४ ने ती प्रमाण केली. जुन्या रीतीत एका निरोपाची कमाल लांबी १,०२४ बाइट आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम ३४० चिन्हे. आणि निरोप यूडीपीने गेला तर पोहोचल्याची खात्री नाही. टीसीपी वापरणारा आरसिसलॉग किंवा मशीनच्या आतलाच सॉकेट वापरला तर हा धोका बराच कमी होतो. पायथॉन ३.२ पासून रांगेचा हँडलर आणि तिचा वाचक अशी जोडीही भाषेतच मिळते: वर्कर रांगेत टाकतात, वाचक एकटा फाइलमध्ये लिहितो. मात्र गुनिकॉर्नसारख्या वर्कर फोडणाऱ्या सर्व्हरखाली ती रांग नेमकी कुठे जन्मली याचे भान ठेवावे लागते, आणि नवखे तिथेच अडखळतात.

चौथा मार्ग आज सर्वाधिक रूढ आहे. हेरोकू कंपनीत काम करताना ॲडम विगिन्स यांनी २०११ मध्ये ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या नावाने बारा नियम मांडले. त्यातल्या लॉगविषयीच्या नियमाचा आशय असा की ॲपने फाइलींच्या भानगडीत पडू नये. घटना घडली की तिची ओळ बफर न करता आपल्या स्टँडर्ड आउटपुटवर टाकावी. पुढे ती कुठे न्यायची, किती दिवस ठेवायची, हे ज्या व्यवस्थेत ॲप चालते तिने पाहावे. २०१३ नंतर डॉकर पसरला तसा हा नियम जवळपास सक्तीचाच झाला. साध्या भाड्याच्या व्हीपीएसवर सिस्टिमडी असतोच. त्याचा जर्नलडी सगळ्या वर्करच्या ओळी स्वतः गोळा करतो, प्रत्येकीला प्रोसेस क्रमांक आणि वेळ लावतो. छोट्या संघासाठी याहून सोपे काही मला दिसत नाही.

पण तोही आंधळेपणाने स्वीकारू नये. जर्नलडीत मुळात अशी मर्यादा असते की एका सेवेने तीस सेकंदांत दहा हजारांहून जास्त ओळी टाकल्या, तर पुढच्या गाळायच्या. डिस्कवर मोकळी जागा असेल त्या मानाने ही मर्यादा वाढते, तरी पायाचा हिशोब सेकंदाला सुमारे ३३३ ओळींचा आहे. एका अर्जामागे पाच ओळी लिहिणारे ॲप सेकंदाला सत्तर अर्ज आले की तिथे पोहोचते. डॉकरचा नेहमीचा जेसन-फाइल ड्रायव्हर उलट टोकाचा: आकाराला मर्यादाच नाही, सांगितली नाही तर डिस्क भरेपर्यंत वाढतो. आणि तो मुळात अडवणारा आहे, म्हणजे लिहिणे मंद झाले तर ॲपच थांबते. न अडवणारा प्रकार निवडला तर एक एमबीचा बफर भरल्यावर ओळी गळतात.

हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे आणि शिकवताना तो वगळला जातो. लिहिणाऱ्याचा वेग कमी पडला, तर माणसाला थांबवायचे की ओळ सोडायची, हे कुणीतरी ठरवलेच पाहिजे. ठरवले नाही तर सॉफ्टवेअर ठरवते. माझे मत असे: पान उघडल्याच्या, चित्र मागवल्याच्या साध्या ओळी सोडाव्यात, पण किती सोडल्या त्याची मोजदाद ठेवावी. एररची ओळ कधीच सोडू नये. आणि पैसे भरणे, अर्ज दाखल करण्याचा प्रयत्न करणे या गोष्टी लॉगच्या भरवशावर टाकूच नयेत. प्रयत्न सुरू झाला त्या क्षणी डेटाबेसच्या वेगळ्या तक्त्यात एक ओळ पडावी. अर्ज पूर्ण होवो न होवो.

वेळ, क्रमांक आणि कायदा

ओळी शाबूत मिळाल्या, तरी त्या जुळवायला वेळ एकसारखी हवी. सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतात आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे. यूटीसीच्या तारखेने फाइल बदलत असेल, तर आपल्या पहाटे साडेपाचला नवा दिवस सुरू होतो. ३१ जुलैच्या नावाच्या फाइलमध्ये १ ऑगस्टच्या पहाटे साडेपाचपर्यंतचे, म्हणजे मुदत संपल्यानंतरचे अर्ज सापडतात. आणि ३१ तारखेच्या पहाटेचे ३० च्या फाइलमध्ये. एनजिनएक्स स्थानिक वेळ लिहितो, ॲप यूटीसी, डेटाबेस आणखी काही. मुदतीच्या तक्रारीत हा घोळ माणसाचे नुकसान करू शकतो. प्रत्येक ओळीत वेळेसोबत तिचा यूटीसीपासूनचा फरक लिहिला, की प्रश्न मिटतो. एकापेक्षा जास्त मशीन असतील तर घड्याळांवरही पुरता विश्वास ठेवता येत नाही. लेस्ली लॅमपोर्ट यांनी १९७८ मध्येच घटनांचा क्रम आणि घड्याळाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे दाखवून दिले आहे.

म्हणून हवा विनंती क्रमांक. एनजिनएक्समध्ये २०१६ पासून प्रत्येक विनंतीला वेगळा क्रमांक देण्याची सोय आहे. तो ॲपकडे पाठवावा, प्रत्येक ओळीत लिहावा, आणि एररच्या पानावर माणसालाही दाखवावा. ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच सांगण्याऐवजी ‘हा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा’ असे सांगितले, तर उदगीरच्या सेंटरवाल्याला तो कागदावर लिहून शेतकऱ्याच्या हातात देता येईल. अर्ज गेला नाही, पण प्रयत्न केल्याचा पुरावा हाती आला. अख्ख्या आढाव्यातली ही सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची.

किती दिवस ठेवायचे, याला आता कायद्याचे उत्तर आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी आपल्या सर्व संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवायचे आहेत, घड्याळे एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची आहेत, आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवायच्या आहेत. उबुंटूवर एनजिनएक्स किंवा अपाचे बसवला की लॉगरोटेटची तयार मांडणी चौदा दिवसांची असते, लॅराव्हेलचीही चौदाच. म्हणजे काहीही न बदलता चालवलेला सर्व्हर पंधराव्या दिवशी नियम मोडतो. जागेची भीती बाळगू नये. २५० बाइटची ओळ आणि दिवसाला दहा लाख ओळी धरल्या, तर १८० दिवसांचे ४५ जीबी होतात, आणि लॉगचा मजकूर दाबला की खूपच लहान होतो.

ठेवायचे म्हणून सगळेच लिहायचे नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितले, कारण पासवर्ड उघड स्वरूपात त्यांच्याच आतल्या लॉगमध्ये लिहिले गेले होते. आपल्याकडे आधार क्रमांक, बँक खाते, ओटीपी हे पत्त्याच्या ओळीत पाठवणारी ॲप अजून बनतात, आणि पत्ता पूर्णच्या पूर्ण ॲक्सेस लॉगमध्ये उतरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. अर्ज क्रमांक लिहा, आधार लिहू नका. आणि ओळ जेसनमध्ये बांधा, म्हणजे कुणी नावाच्या रकान्यात नवी ओळ घुसवून खोटी नोंद तयार करू शकणार नाही.

लॉग एका जागी आणून शोधायची मोठी साधने बाजारात आहेत: इलॅस्टिकसर्च, लॉगस्टॅश आणि किबाना यांचे त्रिकूट, फ्लुएंटडी, २०१८ मध्ये आलेला ग्राफानाचा लोकी. इलॅस्टिकसर्च प्रत्येक शब्दाची सूची करतो म्हणून कित्येक जीबी मेमरी मागतो. लोकी फक्त खुणांची सूची करतो म्हणून हलका आहे. एक-दोन सर्व्हरच्या संस्थेला यातले काहीच लागत नाही. जर्नल आणि ग्रेप पुरतात. पाच-सहा मशीन झाली की लोकीचा विचार करावा.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था, लातूरचे बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि दोन्ही जिल्ह्यांतली तंत्रनिकेतने यांत अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा घेणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. विद्यार्थ्याने फॉर्म भरून डेटाबेसमधली ओळ दाखवली की तिथे थांबू नका. त्याला दर विनंतीला एक ओळ लिहिणारे ॲप चार वर्करवर सुरू करायला सांगा, अपाचेबेंचने दहा हजार विनंत्या पाठवायला सांगा, मध्येच एकदा लॉग रोटेट करायला लावा, आणि मग सगळ्या फाइलींतल्या ओळी मोजायला सांगा. दहा हजार भरल्या नाहीत, तर प्रोजेक्ट अजून पूर्ण झालेला नाही.